दयेचं खातं

घरून,
ता. ४ फेब्रुवारी

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद, आणि पाळकसाहेबांस प्रभूत सलाम. दोघं एकाच अंगात राहतात म्हणून एकाच पाकिटात उरकते.

उत्तराला उशीर झाला, कारण मी माझं पाचारण शोधत होते, म्हणजे देवाने मला कशासाठी बोलावलंय ते. हसू नकोस. सध्या आमच्या चर्चची सगळी मंडळीच ते शोधतेय, चष्मा हरवल्यासारखं. आमच्या पाळकांनी एक तरुण समन्वयक आणलाय. त्याला नाव आहे, पण मी त्याला हसरा म्हणते. तो कायम हसतो. गेल्या रविवारी कुणाच्या तरी दफनविधीची वेळ जाहीर करतानाही हसत होता. गळ्यात पट्टीला अडकवलेलं ओळखपत्र, कानाशी माइक, आणि बोलताना दोन्ही हात असे पुढे, जणू आपण सगळे कलिंगडं आहोत आणि तो आपल्याला झेलणार आहे.

त्याने शनिवारी शिबिर घेतलं. सभागृहात खुर्च्या गोल मांडल्या, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं की आपण एक रिकामं पात्र आहोत अशी कल्पना करा. मी सकाळपाळी करून आले होते. डोळे मिटले ते मिटलेच. घोरण्याने जाग आली, ते माझंच होतं. मग त्याने सांगितलं की अगदी साध्यातल्या साध्या विश्वासणाऱ्यासाठीही देवाची योजना असते. ‘साध्यातल्या साध्या’ म्हणताना त्याने प्रेमाने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर करून विचारलं, की बाबा रे, जन्मभर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लोकांच्या रक्तामुताच्या चादरी धुतल्या, त्यात देवाची काही योजना बसते का? तर म्हणाला, ते तुमचं काम झालं, मावशी, आता आपण तुमचं पाचारण शोधू या. म्हणजे चादरी माझ्या आणि योजना देवाची, मध्ये भिंत.

मग प्रश्न दिले आणि प्रत्येकाला एक-एक कृपादान, म्हणजे देवाने दिलेला गुण, वाटलं. समोरच्या शेजारणीला आदरातिथ्य मिळालं. तिच्या घरी मी आजवर पाण्याचा ग्लास पाहिलेला नाही. आणि मला मिळाली दया. होय, दया. सोमवारी धुलाईखान्यात सांगितलं तर इस्त्रीवरच्या मुली भट्टीच्या आवाजाच्या वरताण हसल्या, आणि आमचा बॉयलरवाला, जो कधी कशाला हसत नाही, तो गाठोड्यावर बसला आणि डोळे पुसायला लागला.

दयेच्या खात्यात मला पहिलं काम दिलंय ते ऑर्गनच्या बाईंना भेटायचं. तुला त्या आठवतच असतील. संडे स्कूलमध्ये बेसूर गायलास की तुझ्या बोटांवर पट्टी बसायची. त्यांना हिवाळ्यात झटका आला आणि डावी बाजू गेली. चर्चच्या मागची खोली मंडळीने ऑर्गन वाजवणारीला म्हणून दिलेली, तिथेच एकट्या आहेत. मंडळीतले सगळे दयाळू लोक एकेकदा जाऊन आलेत. दुसऱ्यांदा कुणी गेलेलं नाही. म्हणून मी.

तुझ्या बायकोला माझं खूप खूप प्रेम. तिच्या गुडघ्यांना शेक दे म्हणावं, प्रवचन नको.

मला हसून झालं की थोडी माया बाकी ठेव.

तुझी ताई


पाळकगृहातून,
ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
प्रभूत सादर सलाम वि. वि.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. ही स्वयंपाकघरातून ओरडली की तो दयेचा भाग पुन्हा वाच. लहानपणी मी सायकलवरून पडून रस्त्यात रडत होतो तेव्हा तू सांगितलं होतंस, की कडेला होऊन रड, मागून गाड्या येताहेत. ते आम्हा दोघांना एकदमच आठवलं. तुमच्या हसऱ्याला ते माहीत असतं तर त्याने तुला वाहतूक खात्यात टाकलं असतं.

बाईंना माझा सलाम सांग. माझी बोटं अजून त्यांचा मान राखून आहेत.

आता एक गोष्ट लिहितो, ती तू हसण्यावारी नेशील हे माहीत असून लिहितो. तुमच्याकडे पाचारण शोधायची शिबिरं चालली आहेत आणि माझं हरवलंय. कधी ते सांगता येत नाही. मागच्या रविवारी प्रवचनात उत्तम मेंढपाळावर, म्हणजे प्रभूवर, बोलत होतो. बोलता बोलता माझं लक्ष गेलं की मी स्वतःचा आवाज ऐकतोय, शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असतो तसा. आवाज चांगला होता. शब्दही चुकले नाहीत. पुढच्या बाकावरच्या आजी नेहमीसारख्या डोळे पुसत होत्या. पण जो बोलत होता तो मी नव्हतो, आणि ज्याच्याविषयी बोलत होतो त्याचं नाव घेताना मला लाज वाटली.

ही म्हणते दमला असशील, रजा घे. मी मंडळीच्या पंचांना पत्र लिहून ठेवलंय की मला मोकळं करा. अजून दिलेलं नाही. बसडेपोत चौकशीच्या खिडकीवर माणूस हवाय, अशी पाटी लागली आहे. ती मी जाता-येता वाचतो. आईने मला पाळक करायचं ठरवलं तेव्हा मी किती लहान होतो, आठवतं? मला कुणी बोलावलं होतं, देवाने की आईने, हे मी कधी नीट विचारलंच नाही.

दयेच्या खात्यातून काही मिळालं तर पाठव.

तुझ्या शिव्यांना पात्र असलेला,
छोट्या


धुलाईखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत,
ता. २४ फेब्रुवारी

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

पाचारण हरवलं म्हणे! छत्री आहे का ती? मला सकाळी उठल्यावर धुलाईखान्याची ओढ लागते असं वाटतं तुला? मी दारात उभी राहून आतून कुणी हाक मारतंय का ते ऐकत नाही. आत जाते, गाठोडी सोडते, रक्ताचं वेगळं, बाकीचं वेगळं करते, गार पाण्यात भिजवते. भान हरपून मेंढपाळ दिसल्यासारखं मला एकदाही वाटलेलं नाही. तुम्हा पाळकांचे लाड फार. आम्ही कंटाळलो तर त्याला कंटाळा म्हणतात. तुम्ही कंटाळलात की आत्म्याची अंधारी रात्र, मग घरातल्यांनी दिवे मंद करून चहा आणून द्यायचा.

आणि बसडेपो! धुरात उभा राहून तू लोकांना फलाट सांगणार. आईने ऐकलं असतं तर थडग्यातून उठून तुझा कान धरला असता. ते पत्र फाड आणि झोप काढ.

आता बाईंचं ऐक. पहिल्या दिवशी दार ढकलून आत गेले तर त्यांनी उजव्या हाताने उशी उचलून धरलेली. मी विचारलं, मारायला की टेकायला? म्हणाल्या, ते तू काय बोलतेस त्यावर आहे. मी म्हटलं, मला दया म्हणून पाठवलंय. उशी खाली आली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्या म्हणाल्या, की मंडळीत माणसं इतकी कमी झाली आहेत का.

त्यांनी आधीच्या सगळ्यांचा पाढा वाचला. एकीने खाऊचा डबा आणला आणि तो संपेपर्यंत स्वतःच खात बसली. एकाने त्यांच्या लुळ्या हातावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, मग विचारलं काही जाणवतंय का. त्या म्हणाल्या, जाणवतंय, तुझं वजन. हसऱ्याने तर सांगितलं की हा हात पुन्हा ऑर्गनवर चालेल, असं त्याला दिसलंय. त्यावर त्यांनी कप फेकला. उजवा हात शाबूत आहे, त्यामुळे नेम लागला.

मग मला विचारलं की तुझं काय मत. मी हॉस्पिटलात काम करते, छोट्या, पण डॉक्टर नाही. मी एवढंच म्हटलं, की मला हा हात परत येईलसा दिसत नाही, पण मला तर तुमचा चहाचा डबाही दिसत नाहीये. मला वाटलं आता उशी. तर डोळ्यांतून पाणी. मी पाठ फिरवली आणि डबा शोधत बसले. डबा समोरच होता, पण मी सावकाश शोधला.

केस कितीक दिवस विंचरलेले नव्हते. गुंता सोडवताना त्यांनी माझ्या हाताला, माझ्या मंडळीला आणि माझ्या घराण्याला नावं ठेवली. तुझाही उद्धार झाला, गाताना अर्धा सूर खाली जायचास म्हणून. निघताना म्हणाल्या, पुन्हा येऊ नकोस. मी म्हटलं, गुरुवारी येते.

सुट्टी संपली. वरचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस आणि विसरूही नकोस.

तुझी ताई


पाळकगृहातून,
ता. ७ मार्च

ती. ताईस,
सलाम वि. वि.

हे पत्र छोटं आहे. तुझं मागचं दोनदा वाचलं, पण हिला वाचून दाखवलं नाही.

आमच्या इथल्या सुताराची बायको गेली. बाळंतपणात, मूलही गेलं. मी त्याच्या घरी गेलो. तो कामाच्या टेबलाशी उभा होता, कपड्यांवर भुसा तसाच. मी तोंड उघडलं आणि नेहमीची वाक्यं बाहेर आली, एकामागून एक, सगळी बरोबर. माझं बोलून होईपर्यंत तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्याने अगदी अदबीने माझे आभार मानले आणि बसायला स्टूल पुसून दिलं. ताई, तो माझ्यावर ओरडला असता तर मी टिकलो असतो. त्या अदबीने मी संपलो. त्याला माहीत होतं की माझ्याकडे काही नाही, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तो जपत होता. त्याच्याच घरी, त्या दिवशी.

मी पत्र पंचांना दिलं. एप्रिलअखेर मोकळा होईन. डेपोच्या साहेबांनी खिडकीवर येऊन बस म्हणून सांगितलंय.

हा कंटाळा नाही. तुला तो तसा वाटला असेल, तर माझ्याच लिहिण्यात उणं राहिलं असेल. पण आता काही दिवस थट्टा नको.

लोभ आहेच, थोडा दुखावलेला आहे इतकंच.

छोट्या


घरून,
ता. २९ मार्च

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशाखाली आहे. त्यावर मला लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. सुताराचं नाव रोज घेते प्रार्थनेत, म्हणजे ‘तो सुतार’ एवढंच म्हणते, देवाला कळत असेल. तू ते पत्र पंचांना दिलंस हे बरं केलंस की वाईट, मला ठाऊक नाही. थट्टा करणार नाही असं ठरवून बसलेय, आणि माझी काय अवस्था झालीय ते तुला समजेल. म्हणून ती सगळी आमच्या पंचांवर काढते. ते तिला पुरून उरतील.

मागच्या आठवड्यात सभा होती. हसऱ्याने पडद्यावर चित्र दाखवलं. चित्रात बाईंची खोली होती, पण बाई नव्हत्या. त्यांच्या पलंगाच्या जागी गोल टेबल, भिंतीवर बाण, आणि वर लिहिलेलं ‘पाचारण केंद्र’. लोक तिथे येऊन आपल्या जीवनाचा हेतू शोधणार. आणि बाईंना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात, प्रेमळ वातावरणात, हलवायचं. त्यांना विचारलंत का, असं मी विचारलं. तर एक पंच म्हणाले, की त्यांच्यासाठी आम्ही खूप प्रार्थना केली आहे. म्हणजे देवाला विचारलं, बाईंना नाही. देव गाठायला सोपा, बाई उशी मारतात.

मग मी उठले. तुझे भावोजी होते तेव्हा पदर धरून खाली बसवायचे, आता मला मागे ओढायला कुणी नाही. मी म्हटलं, की या बाईंना दोन हात होते तोवर तुम्ही त्यांना मंडळीला मिळालेलं देवाचं देणं म्हणत होतात, आता एक हात राहिला तर त्या जागेची अडचण झाल्या. तुम्ही सगळे इथे लग्नाला उभे राहिलात तेव्हा कोण वाजवत होतं? तुमच्या आईबापांना पोचवताना कोण वाजवत होतं? आणि आता त्यांच्या पलंगाच्या जागेवर बसून तुम्ही शोधणार की देवाने आपल्याला कशासाठी जन्माला घातलं? मी सांगते कशासाठी, म्हटलं, त्या पलंगावरची चादर बदलण्यासाठी. कुणाला शोधायला त्रास होत असेल तर माझ्याबरोबर चला, आत्ता, शंभर पावलांवर आहे.

आमचे पाळक आपल्या बुटांकडे पाहत राहिले. बूट चांगले आहेत त्यांचे. हात वर करायला सांगितले. ज्यांची बाजू घेऊन मी बोलले त्यांना बोलावलेलंच नव्हतं, त्यामुळे माझा एकटीचा हात विरोधात. हसऱ्याने माझ्या तळमळीबद्दल हसून आभार मानले आणि म्हणाला, की मावशी, तुमचं कृपादान ओळखण्यात आमची गफलत झाली असावी, तुमच्यात दयेपेक्षा लोकांना खडसावणाऱ्या संदेष्ट्याचा अंश दिसतो. छोट्या, मी वहाण हातात घेतली नाही. हे देवदूतांनी टिपून ठेवलं असेल अशी आशा आहे.

हरले. तिथून बाईंकडे गेले आणि सगळं आहे तसं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. पहिल्यांदाच लहान दिसल्या. म्हणाल्या, की हात गेला तेव्हापासून एकच विचारतेय, आता देव माझं काय करणार? वाजवणं सोडून मी त्याच्या कुठल्या उपयोगाची होते? आता तर उत्तरही मिळालं.

तू असतास तर तुला निदान वाक्यं तरी माहीत होती. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही त्याला विचारा, मला एवढंच माहीत आहे की माझ्याकडे आतली खोली रिकामी आहे आणि तिथला पलंग कुरकुरतो. त्या म्हणाल्या, तुझ्या घरी जिना आहे. मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, आणि तू घोरतेस, सगळ्या मंडळीने ऐकलंय. मी म्हटलं, घोरते. मग म्हणाल्या, माझी गीतांची पुस्तकं आधी उचल.

रविवारी दुपारी त्यांना धुलाईखान्याच्या चादरींच्या ढकलगाडीतून नेलं. हसू नकोस, दुसरं चाकांचं काही नव्हतं, आणि खाली धुतलेल्या चादरींची घडी घातली होती. बॉयलरवाला ढकलत होता, मी पुढून धरलं होतं, इस्त्रीवरची एक मुलगी पुस्तकं घेऊन मागे. बाई मधोमध ताठ बसल्या होत्या, राज्यारोहणाला निघाल्यासारख्या, आणि वळणावर बॉयलरवाल्याला ताल चुकतोय म्हणून बोलत होत्या. जिन्यावरून खुर्चीत बसवून वर घेतलं. वर आल्यावर त्यांनी माझ्या पडद्यांकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

आता तुझ्यासाठी निरोप. त्यांना प्रभुभोजनाची भाकर हवीय, पण आमच्या पाळकांच्या हातून घेणार नाहीत. हसऱ्याचं तर नाव काढायचं नाही. म्हणाल्या, तो अर्धा सूर खाली जाणारा मुलगा पाळक झाला ना, त्याला बोलाव. मी सांगितलं की तो एप्रिलअखेर सोडतोय, त्याच्याकडे सध्या सांगण्यासारखं काही नाही. त्या म्हणाल्या, मग तोच बरा, लवकर येईल आणि लवकर उरकेल.

ये. सोडण्याआधी ये.

वाट पाहणारी,
ताई


बसडेपो, चौकशी खिडकी,
ता. ११ मे

ती. ताईस आणि ती. बाईंस,
प्रभूत सादर सलाम वि. वि.

दुपारी या वेळी गाड्या नसतात, म्हणून खिडकीतच लिहायला बसलोय. काचेला अर्धगोल भोक आहे, त्यातून लोक तोंड घालून विचारतात. तू म्हणालीस तसा धूर आहेच. इतकी वर्षं मी लोकांना खात्रीने वाट सांगत होतो आणि स्वतः साशंक असायचो. इथे मी सांगतो तिसऱ्या फलाटावर येईल, आणि ती खरोखर येते. पहिल्या दिवशी मी उठून पाहून आलो.

एप्रिलात तुझ्या घरून निघताना जे सांगायचं राहिलं, ते आता लिहितो. तू स्वयंपाकघरात होतीस आणि भांडी मुद्दाम जोरात घासत होतीस, आम्हाला एकटं सोडलंय हे कळावं म्हणून. मी पुस्तक उघडलं. बाईंनी ते उजव्या हाताने मिटवलं आणि तोच प्रश्न विचारला जो तुला विचारला होता. देव आता माझं काय करणार? माझ्याकडे यावर तीन प्रवचनं आहेत, ताई, एक तर छापूनही आलंय. मी म्हटलं, मला माहीत नाही, मीही आपल्याबद्दल हेच विचारतोय. त्या म्हणाल्या, बस मग.

आम्ही बसलो. किती वेळ ते तुझ्या भांड्यांना ठाऊक. बाईंचा उजवा हात टेबलाच्या कडेवर चालत होता, एका गीताची चाल असावी, आणि डाव्या हाताची जागा आली की त्या थांबायच्या, तेवढी मोकळी सोडून पुढे जायच्या. मग म्हणाल्या, आता भाकर दे. मी दिली. मला वाटतं, पाळक म्हणून मी केलेलं ते एकच काम असेल ज्यात मी माझा आवाज ऐकला नाही.

तुला वाटलं होतं त्यानंतर मी राजीनामा परत घेईन. वाटेसाठी शिदोरी बांधून देताना तुझा चेहरा तसा होता. नाही घेतला. मला तिथे एवढंच कळलं की बसता येतं. व्यासपीठावरून ते मला कधी जमलं नव्हतं. परत आल्यावर सुताराकडे गेलो, पाळक म्हणून नव्हे. पायरीवर बसलो. त्याने आभार मानले नाहीत. मग त्याने मला फळी धरायला लावली आणि वाकडी धरली म्हणून रागावला. आता डेपोतून सुटलो की जातो.

रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसतो. नवे पाळक बरे बोलतात. मी ऐकतो. हीसुद्धा शेजारी बसते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कारण आता पाळकाची बायको म्हणून तिला पहिल्या बाकावर बसायला नको, आणि मंडळीने तिच्या साड्या मोजायला नकोत.

एक म्हातारी काचेवर टकटक करतेय. तिची गाडी निघून गेली आहे, आणि ते मलाच सांगायचंय.

तुम्हा दोघींच्या वाग्बाणांची आठवण काढणारा,
छोट्या


घरून,
ता. २३ जून

चि. छोट्यास दोघींचे आशीर्वाद. एक मोठ्याने दिलेला, एक नाक मुरडून.

डेपोवर मी आणखी काही बोलणार नाही. आईचंही नाव काढणार नाही. बाई म्हणतात, त्याने आयुष्यात पहिल्यांदा बरोबर सूर पकडला, त्याला सांगू नकोस, पुन्हा घसरेल. सांगितलं.

आमच्याकडे रोज युद्ध. बाईंना माझा चहा गार लागतो, माझं बायबलवाचन घाईचं लागतं, माझ्या हाताला साबणाचा वास येतो. मला त्यांचं सगळंच खटकतं. सकाळपाळीला गेले की जिन्याखालची शिंपीण वर येऊन बसते. तिला बाईंनी गीतं शिकवायला घेतली आहेत. ती बिचारी कपडे शिवता शिवता रडते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. मी बाईंना विचारलं की देवाने अजून काही सांगितलं का. म्हणाल्या, नाही, पण त्या बाईचा आवाज चांगला आहे, वाया चालला होता.

आता मुख्य बातमी. पाचारण केंद्राचं उद्‌घाटन झालं, आणि त्यात साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, कुणाला बोलावलं असेल? हसरा स्वतः घरी आला. बाईंना पाहून दारातच थबकला आणि उजव्या हातात कप आहे का ते आधी पाहून घेतलं. म्हणाला, मावशी, तुमचं उदाहरण सगळ्यांना प्रेरणा देईल, शिबिरात दया मिळाली आणि पाहा! मी हाकलणार होते. बाईंनीच जा म्हटलं. त्यांना पाहायचं होतं म्हणे मी काय दिवे लावते.

गेले. बाईंचीच खोली, पण ओळखू येईना. पलंगाच्या जागी ते टेबल. भिंतींना उजळ रंग. हसऱ्याने माझी ओळख करून देताना दयेची जिवंत मूर्ती असा शब्द वापरला, आणि मागे बसलेला बॉयलरवाला, मीच त्याला ओढून नेलं होतं, तो खोकत बाहेर गेला.

माझ्या हातात माइक दिला. मी सांगितलं, की मी दयाळू नाही, ज्यांना शंका असेल त्यांनी धुलाईखान्यात विचारावं. मला बाई आवडत नव्हत्या, अजूनही दिवसातून बराच वेळ आवडत नाहीत. मला कुणाची हाक ऐकू आली नाही, प्रकाश दिसला नाही, मी रिकामं पात्र वगैरे काही झाले नाही. तुम्ही त्यांना काढलंत आणि माझ्याकडे पलंग होता. तुम्ही काढलं नसतंत तर मी दर गुरुवारी येऊन केस विंचरून गेले असते आणि स्वतःला फार भारी समजले असते. आमचे पाळक पहिल्यांदा बुटांवरून वर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे लाल होते, ते मला आवडलं नाही, कारण मग रागावता येत नाही.

हसरा लगबगीने पुढे आला आणि म्हणाला, की हेच ते, मावशी, यालाच पाचारण म्हणतात, आता सांगा, ते ओळखलं तो क्षण कोणता होता? मला इतका राग आला की माइक आपटावासा वाटला. कारण तो हसरा, कलिंगडं झेलणारा, थोडाफार बरोबर बोलत होता, आणि हे मी त्याच्यासमोर मरेपर्यंत कबूल करणार नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष गेलं. शिंपीण गिऱ्हाइकाकडे जाणार होती, आणि बाईंना कुणी धरल्याशिवाय उठता येत नाही. मी माइकमध्येच म्हटलं, अरे देवा, बाईंना बाथरूमला न्यायची वेळ झाली. माइक हसऱ्याच्या हातात कोंबला आणि निघाले. पळतच.

घरी पोचले तर बाई पलंगाच्या कडेला, तोंड फुगवून. विचारलं, काय साक्ष दिलीस? मी धापा टाकत सांगितलं, की बाईंना बाथरूमला न्यायचंय असं सगळ्यांसमोर माइकमधून सांगितलं आणि आले.

त्यांनी माझ्या खांद्यावर उजवा हात टाकला, चांगला जड, आणि म्हणाल्या, की त्या खोलीत या वर्षी बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य असेल, आता तोंड मिट आणि उचल.

सुताराला आमचा दोघींचा सलाम सांग. फळी सरळ धर.

तुझी,
ताई
(आणि बाई म्हणतात, ‘तुझी’ची वेलांटी नीट काढ.)